पोळा ते दिवाळी : गावच्या कबड्डी संघात कोणाला ठेवायचं, कोणाला आणायचं

पोळ्याच्या आसपास डवरणी-निंदण आटोपतं आणि टपरीवर बातम्या सुरू होतात. डावा कॉर्नर (डाव्या टोकाला उभा राहून पकड करणारा) शेजारच्या मंडळाकडून खेळणार, मोठा रेडर (चढाई करणारा) भरतीला चालला. ऐकीव बातमीवर संघ बदलू नका, पण ती कानाआडही टाकू नका. त्याच आठवड्यात त्या पोराच्या घरी जा. मैदानावर चारचौघांत विचारलं तर तो 'काही नाही' म्हणून मोकळा होतो. घरी तीनच गोष्टी विचारा: दिवाळीनंतर गावात आहेस का, भरतीची किंवा एमआयडीसीतल्या कामाची तयारी चालू आहे का, आणि कोणाला शब्द दिला आहे का. पोलीस भरतीसाठी धावणारा पोरगा गुडघा जपतो, घोटा पकडायला जीव टाकून जात नाही. त्यात त्याची चूक नाही. त्याला राखीव धरा आणि त्याच्या जागेवर दुसरा तयार करा.

आता गेल्या हंगामाच्या गुणपत्रिका काढा. नुसते एकूण गुण पाहिले तर फसगत होते. समजा, एका रेडरने ४० चढायांत २४ गुण आणले आणि दुसऱ्याने तेवढ्याच चढायांत १८. पहिल्याच्या २४ पैकी १५ बोनस (गडी बाद न करता, नुसती बोनस रेषा ओलांडून मिळालेले गुण) असतील, तर गडी बाद करून त्याने आणलेले गुण ९च. दुसऱ्याचे बोनस २ असतील, तर त्याचे १६. बोनस मिळतो तो समोर ६ किंवा ७ जण असतानाच, आणि बोनसच्या गुणाने बाहेर बसलेला आपला एकही गडी आत येत नाही. तुमचे दोघेच मैदानात उरले आणि लोण (सगळा संघ बाद होणं) डोक्यावर आला, तेव्हा कामाला येतो तो दुसरा. दोघांपैकी एकालाच सोडायची वेळ आली तर पहिल्याला सोडा, टपरीवर नाव त्याचंच मोठं असलं तरी. 'करो या मरो'च्या चढाया वेगळ्या मोजा. दोन रिकाम्या चढायांनंतरच्या त्या चढाईत गुण आणला नाही तर रेडर बाद होतो, त्यामुळे खरी पारख तिथेच होते.

पकडीच्या गड्यांचा हिशेब एकेकट्याने करू नका, जोडीने करा. कॉर्नर आणि त्याच्या शेजारचा 'इन' हात धरून साखळीत उभे असतात. कधी झेपावायचं हे एकाला दुसऱ्याच्या हाताच्या दाबावरून कळतं, आणि ते जमायला पूर्ण हंगाम जातो. म्हणून कोणी 'तुमचा डावा कॉर्नर द्या, आमचा रेडर घ्या' म्हणालं, तर लगेच हो म्हणू नका. आधी त्या जागेवर आपलाच पोरगा दोन आठवडे त्याच 'इन'सोबत उभा करा. उजव्या कॉर्नरला डावीकडे सरकवून काम भागेल असं वाटतं, पण तिथे पायांची ठेवण आणि पकडीचा हात दोन्ही उलटे होतात. तो अर्धा क्षण उशिरा निघतो आणि घोटा हातातून सुटतो.

अदलाबदल ठरलीच तर मंडळाच्या वहीत लिहा: कोणत्या स्पर्धा, बक्षिसातला वाटा, गाडीभाडं, आणि दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. भांडणं होतात ती या शेवटच्या गोष्टीवरून. बाहेरगावचे किती खेळाडू चालतात, आधार कार्ड लागतं का, हे स्पर्धेच्या पत्रकातून आधीच वाचून घ्या. नाहीतर जिंकलेला सामना हरकतीवर जातो.

वजनाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. ५५ किलो गटाचा संघ असेल तर पोळा, दसरा आणि दिवाळी, तिन्ही वेळा काट्यावर घ्या, सकाळी शौचाहून आल्यावर, उपाशीपोटी. सोयाबीनच्या सवंगणीत वजन उतरतं आणि दिवाळीच्या फराळात परत चढतं, म्हणून दसऱ्याच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. दिवाळीला ५७ भरलेला वाढत्या वयाचा पोरगा मोठ्या गटात टाका. दोन दिवस पाणी तोडून त्याला ५५त बसवलं, तर दुसऱ्या डावात पोटऱ्यांना गोळे येतात आणि मैदानात तो बदलायचाच गडी उरतो.

मैदानात ७, राखीव ५. सातांत तीन रेडर, दोन कॉर्नर, दोन कव्हर (टोकांच्या आत, मधल्या भागात उभे राहणारे पकडीचे गडी) ही मांडणी गावच्या संघाला सोयीची. तिन्ही रेडर एकाच बाजूने घुसणारे नकोत, समोरचा कॉर्नर दोन चढायांत ओळखून घेतो. राखिवांत प्रत्येक बाजूचा एक कॉर्नर, एक कव्हर, एक रेडर, आणि पाचवा चढाई-पकड दोन्ही करणारा.

यादी मात्र १५ नावांची ठेवा. स्पर्धा रंगतात तेव्हाच कपाशीचा वेचा असतो. मजूर मिळाले नाहीत की घरचा पोरगा शेतातच लागतो, आणि त्याला हाक मारली तर बापाचाही राग येतो. कोणाच्या वावरात वेचा कधी आहे, हे त्या १५ नावांसमोर लिहून ठेवा आणि तारखा पाहूनच प्रवेश फी भरा.