स्मार्ट उपकरणे एकमेकांना जोडण्यापूर्वी एक वाक्य लिहा

स्मार्ट प्लग, बल्ब आणि दाराचा सेन्सर यांची एकमेकांशी सांगड घालण्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. मात्र घरात नेमके काय घडायला हवे, हे ॲप उघडण्यापूर्वी एका सरळ मराठी वाक्यात कागदावर उतरवावे, असा माझा आग्रह आहे.

नेरुळच्या आमच्या घरी आई रात्री पाणी प्यायला उठते. तिच्यासाठी मी लिहिले होते, ‘रात्री खोलीचे दार उघडले की पॅसेजमधला दिवा लागावा.’ यातले दार उघडणे ही घटना, तर रात्र असणे ही अट. घटना एका क्षणात घडून जाते, अट काही तास टिकते. गूगल होम या ॲपमध्ये दोन्ही गोष्टी ‘सुरुवात’ म्हणून निवडल्या, तर त्यांपैकी कोणतीही एक पुरेशी ठरते आणि रात्रीची वेळ अकरापासून भरली असेल तर दार बंद असतानाही अकराच्या ठोक्याला दिवा लागतो. म्हणून वेळ नेहमी अटीच्या रकान्यातच भरावी. शिवाय लागलेला दिवा विझणार केव्हा, हेही त्याच कागदावर लिहावे. आमचा दिवा पहिल्या रात्री सकाळपर्यंत जळत राहिला, कारण ते वाक्य मी लिहिलेच नव्हते.

गीझरच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचाच प्लग लावावा. पावसाळ्यात वीज जाऊन परत येते तेव्हा प्लग बंदच राहील, अशी सेटिंग करून ठेवावी. घरी कोणी नसताना गीझर आपोआप सुरू होणे धोक्याचे आहे.

जोडणी होत नसेल तर आधी वायफाय तपासावे, कारण बहुतेक स्वस्त प्लग वायफायच्या केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे घ्यायची असल्यास खोक्यावर ‘मॅटर’चे चिन्ह पाहावे, २०२२ साली आलेले हे मानक त्यांना एकाच भाषेत बोलू देते.

इफ्टसारख्या (IFTTT), उपकरणे इंटरनेटवरून जोडणाऱ्या सेवेत असा नियम दूरच्या सर्व्हरवर चालतो, त्यामुळे इंटरनेट गेले की तो थांबतो. होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर मात्र घरातल्याच छोट्या संगणकावर चालते. ते बसवायला एखादा रविवार जातो, पण वडीलधाऱ्यांच्या सोयीचे नियम मी तिथेच ठेवतो. ते बसवून झाल्यावर राउटरची इंटरनेटची तार काढावी आणि रात्री दार उघडून दिवा लागतो का, ते पाहावे.