गिटारचा आवाज दबका येतोय? तारा निवडताना या चुका टाळा

‘गिटारचा आवाज लहान वाटतोय, कोणत्या तारा लावू?’ असं विचारलं की बहुतेक जण एकच सल्ला देतात: जाड तारा लाव. हा सल्ला काही गिटारवर छान लागू पडतो आणि काही गिटारचा ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो पुढचा लाकडी तुकडा) उचकटून टाकतो. म्हणून आधी तार नेमकं काय काम करते ते पाहू.

तार स्वतः फारसा आवाज करतच नाही. ती इतकी बारीक असते की तिच्या हलण्याने हवा जेमतेम ढवळते. अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) न लावता इलेक्ट्रिक गिटार वाजवली की हे लगेच कळतं. अकूस्टिक गिटारमध्ये तार ब्रिजला हलवते, ब्रिज पुढच्या लाकडी फळीला हलवतो आणि आपल्याला ऐकू येतो तो त्या फळीचा आवाज. तेव्हा तारा निवडताना प्रश्न एवढाच, की माझ्या गिटारची फळी या तारांनी नीट हलेल का?

सरसकट जाड तारा लावणं

तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ‘बाराचा सेट’ म्हणजे ज्यातली पहिली, सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच आहे तो सहा तारांचा संच. बारा आणि तेरा यांतला फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण लांबी तीच आणि सूर तोच ठेवायचा, तर साध्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बाराची पहिली तार काढून तेराची लावली की त्या तारेचा ताण सुमारे १७ टक्के वाढतो. दहावरून बारावर गेलात, तर ४४ टक्के. सगळा सेट धरला, तर १०–४७ चा (पहिली तार १०, सहावी सर्वांत जाड तार ४७) एकूण ताण साधारण ५८ किलो, १२–५३ चा ७३ किलो आणि १३–५६ चा ८४ किलोच्या आसपास भरतो.

ताण जास्त, म्हणजे ब्रिजला मिळणारा धक्का जास्त. मोठ्या ड्रेडनॉटवर (रुंद बॉडीच्या अकूस्टिक गिटारवर) जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला बाराचा किंवा तेराचा सेट खरोखरच भरदार वाटतो. पण हाच ताण फळीला सतत ओढतही असतो. लहान बॉडीच्या, आतून हलक्या पट्ट्यांच्या गिटारवर मी एकदा हौसेने तेराचा सेट चढवला. खालच्या सुरांना पहिल्या दिवशी वजन आलं, पण वरचे सूर घुसमटले आणि एकूण आवाज मोकळा येईना. काही महिन्यांत ब्रिजच्या मागे फुगवटा आला आणि तारा फ्रेटबोर्डपासून (बोटांनी तारा दाबतो त्या मानेवरच्या पट्टीपासून) वर गेल्या. अकराचा सेट परत लावल्यावर ती गिटार पुन्हा गायला लागली.

म्हणून गिटार बनवणाऱ्याने कोणता सेट सुचवला आहे ते आधी पाहा आणि त्याहून जाड जाऊ नका. जाड तारा लावलेल्याच असतील, तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. कागद आत शिरला, तर डिंक सुटतोय. तारा लगेच सैल करा आणि गिटार कारागिराला दाखवा. फळीला अगदी थोडा फुगवटा असणं मात्र नैसर्गिक आहे, त्याला घाबरू नका.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. जाड तारांनी बोटं दुखली की आपण नकळत हात आखडता घेतो. हळू वाजवलेला तेराचा सेट मोकळ्या हाताने वाजवलेल्या अकराच्या सेटपुढे फिका पडतो.

मोठ्या गिटारवर दहाचा सेट

ही उलटी चूक. बोटांना मऊ म्हणून दहाचा सेट लावला आणि जोरात वाजवलं, की तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटतात. हाताचा जोर खडखडाटात जातो, फळीपर्यंत पोचतच नाही. दहाच्या सेटवर हलक्या हाताने वाजवा किंवा अकरा-बारावर या.

जाडी बदलली, सेटिंग तसंच ठेवलं

दहावरून बारावर गेलं की वाढलेल्या ताणाने मान पुढे वाकते आणि तारा उंच होतात. बारावरून दहावर आलं की मान सरळ होते आणि तारा फ्रेटला घासू लागतात. लोक दोन्ही वेळा तारांनाच दोष देतात. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर सहावी तार दाबून धरा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी फट बघा. ती ०.१ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान हवी. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची साधारण २.४ आणि पहिल्या तारेची १.८ मिलिमीटर असली, की बहुतेक गिटार खुल्या वाजतात. ट्रस रॉड (मानेतला, तिचा वाक कमी-जास्त करणारा धातूचा दांडा) फिरवायचा, तर एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. सवय नसेल, तर हे काम जाणकारावर सोपवा.

चुकीच्या जातीच्या तारा

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अकूस्टिकवर बसतात, पण आवाज बारीक आणि असमतोल येतो. त्या सेटमधली तिसरी तार बहुधा गुंडाळी नसलेली असते, तीही वेगळीच ऐकू येते. सिल्क अँड स्टील तारा (स्टीलच्या गाभ्याभोवती रेशमी धागा असलेल्या) बोटांनी वाजवायला फार गोड, पण त्यांचा ताण कमी असल्याने त्यांच्याकडून मोठ्या आवाजाची अपेक्षा ठेवू नये. नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही लावू नका. तिची फळी साधारण ४० किलोच्या ओढीसाठी बनलेली असते. आवाज वाढेल या आशेने लावलेल्या तारा ती गिटार मोडतील.

साउंडहोलमध्ये (फळीच्या गोल छिद्रात) चुंबकीय पिकअप (तारांची कंपनं टिपून अँपला देणारा भाग) असेल, तर अडचण निराळी. अकूस्टिक तारांची गुंडाळी बहुधा ब्राँझची असते. ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे पिकअपला फक्त आतली स्टीलची तार ‘दिसते’. अँपमधून पहिल्या दोन तारा ओरडतात आणि बाकीच्या मागे राहतात. तिथे निकेलच्या गुंडाळीचा सेट वापरा.

चमकदार आवाजाला मोठा आवाज समजणं

गुंडाळीच्या ८०/२० ब्राँझमध्ये ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं, म्हणजे खरं तर ते पितळच. फॉस्फर ब्राँझमध्ये सुमारे ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस. डॅडारिओ कंपनीने १९७४ मध्ये गिटारच्या तारांसाठी ते आणलं. ८०/२० सुरुवातीला जास्त धारदार वाजतात आणि म्हणून मोठ्या वाटतात. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो, ही त्यामागची गोम. दोन्हींच्या प्रत्यक्ष आवाजात फरक थोडाच. गर्दीत किंवा इतर वाद्यांसोबत वाजवत असाल, तर मात्र ही धार उपयोगी पडते.

मेलेल्या ताराच वाजवत राहणं

आवाज बसल्याची तक्रार घेऊन आलेली गिटार हातात घेतली, की मी सगळ्यात आधी तारांखालून बोट फिरवतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. घाम आणि मळ गुंडाळीच्या फटींत भरतो, तारेचं वजन जागोजागी असमान होतं, वरचे उपसूर विझतात आणि आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा येतो. तारेवर गंज किंवा फ्रेटपाशी खाचा जाणवल्या, किंवा मोकळी तार सुरात असूनही बाराव्या फ्रेटचा सूर हलला, तर नवी जाडी शोधण्याआधी त्याच जाडीचा ताजा सेट लावा. रोज वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने तारा वरून आणि खालूनही पुसा. घाम फार येत असेल, तर कोटिंगच्या तारा घ्या. पहिल्या दिवशी त्या किंचित मवाळ वाटतात, पण टिकतात.

नवा सेट लावूनही एखादीच तार मेलेली वाटते का? मग तिचा बॉल एंड (तारेच्या टोकाची धातूची गोळी) तपासा. तो ब्रिजमध्ये तार अडकवणाऱ्या पिनच्या टोकावर अडकून लोंबकळत असतो. छोटा आरसा आणि मोबाइलचा दिवा आत धरला की दिसतं. तारेचं टोक जरा वाकवा, पिन दाबताना तार वर ओढा, म्हणजे बॉल आतल्या पट्टीला घट्ट टेकतो.

तुलना चुकीची करणं

वाजवणारा गिटारच्या मागे बसलेला असतो आणि आवाज समोर जातो. नवा सेट कसा आहे हे ठरवताना दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांगा आणि आपण दीड-दोन मीटर समोर उभे राहा. मोबाइलवर रेकॉर्ड करून तुलना करू नका, कारण बऱ्याच मोबाइलमध्ये लहान-मोठा आवाज आपोआप सारखा केला जातो. पिकही (तारा छेडायची पातळ चकती) तेच ठेवा. ०.४६ मिलिमीटरचं पिक लवतं आणि तारेला पुरता धक्का देत नाही. ०.८८ चं पिक घेतलं, की जुन्याच सेटचा आवाज ऐकून अनेकांनी नवा सेट घेण्याचा बेत सोडून दिलेला मी पाहिला आहे.