हिपॅटायटिस ई : पाणी, मांस आणि गरोदर स्त्रीची काळजी

यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस ई या विषाणूपासून घरातल्यांना वाचवायचे असेल, तर आजूबाजूला कावीळ दिसू लागण्याची वाट पाहू नये. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे उमटेपर्यंत 2 ते 10 आठवडे, बहुधा 5 ते 6 आठवडे जातात. म्हणजे वस्तीतला पहिला रुग्ण पिवळा पडतो, तोवर ते दूषित पाणी इतर अनेकांच्याही पोटात गेलेले असते. म्हणून नळाला गढूळ किंवा वास येणारे पाणी आले, पुराचे पाणी विहिरीत शिरले किंवा जलवाहिनीशेजारचे गटार फुटले, की त्याच दिवसापासून पिण्याचे, दात घासण्याचे आणि कच्ची फळे-भाज्या धुण्याचे पाणी उकळून घ्यावे. खळखळून उकळी फुटल्यावर ते किमान 1 मिनिट, आणि उंच डोंगराळ प्रदेशात 3 मिनिटे, उकळू द्यावे व झाकून थंड करावे. बर्फही त्याच पाण्याचा असावा.

पाण्याला क्लोरिनचा वास येतो, एवढ्यावर विसंबू नये. दिल्लीत 1955-56 च्या हिवाळ्यात यमुनेचे पात्र सरकले आणि शहराचे सांडपाणी पाणी उपसण्याच्या ठिकाणी मिसळले. शुद्धीकरण केंद्राने क्लोरिनची मात्रा वाढवली. विषमज्वराची साथ आली नाही, पण सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. जिवाणूंना पुरेसा ठरलेला क्लोरिन या विषाणूला पुरला नाही. त्या साथीतल्या जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या पुढे तपासण्या झाल्या, तेव्हा ही कावीळ हिपॅटायटिस ए किंवा बी यांची नसून ई ची होती, हे स्पष्ट झाले.

अशा मोठ्या साथी विषाणूच्या 1 व 2 या जनुकप्रकारांमुळे येतात आणि ते माणसांतच आढळतात. प्रकार 3 व 4 मात्र मुख्यतः डुकरांत व रानडुकरांत राहतात. प्रकार 3 हरणांत आणि सशांतही सापडतो. डुकरांमध्ये हा विषाणू प्रथम 1997 मध्ये अमेरिकेत ओळखला गेला. संसर्ग झालेले डुक्कर आजारी दिसत नाही, त्यामुळे जनावर धडधाकट होते म्हणून त्याचे मांस सुरक्षित, असे मानता येत नाही. या प्राण्यांचे मांस, आणि त्यातही यकृत, कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कधीही खाऊ नये. कच्चे यकृत घालून वाळवलेले किंवा धुरावलेले सॉसेजही टाळावे. विषाणू पूर्ण निष्प्रभ होण्यासाठी मांसाच्या आतल्या भागाचे तापमान 71 अंश सेल्सिअसवर 20 मिनिटे राहावे लागते, असे यकृतयुक्त पदार्थांवरील प्रयोगांत दिसले आहे. कच्च्या मांसाची सुरी आणि फळी वेगळी ठेवावी. वराहपालन किंवा कत्तलीचे काम करणाऱ्यांनी हातमोजे वापरावेत, आणि जनावरांची विष्ठा विहिरीकडे किंवा ओढ्याकडे वाहू देऊ नये.

घरात कोणाला ताप, मळमळ, भूक मरणे, गडद लघवी आणि डोळ्यांत पिवळेपणा अशी लक्षणे दिसली, तर यकृताच्या तपासण्यांबरोबर हिपॅटायटिस ई ची आयजीएम चाचणी (ताज्या संसर्गात तयार होणारी प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी) करून घ्यावी. निरोगी माणसाचा आजार बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्याला विश्रांती, पुरेसे द्रव आणि रुचेल तो आहार द्यावा. मद्य पूर्ण बंद ठेवावे, आणि पॅरासिटामॉल असो वा झाडपाल्याचे औषध, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नये, कारण सुजलेल्या यकृतावर तो वाढीव भार असतो. लक्षणे सुरू झाल्यावरही 3 ते 4 आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर पडत असतो, म्हणून रुग्णाने या काळात इतरांसाठी स्वयंपाक करू नये आणि शौचानंतर हात साबण-पाण्यानेच धुवावेत. अल्कोहोलयुक्त जंतुनाशकाचा यावर भरवसा नाही. रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वागवू नये, कारण माणसाकडून माणसाला थेट लागण होण्याचे प्रमाण कमी आहे.

अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत प्रकार 3 चा संसर्ग महिनोन्‌महिने टिकून यकृत कठीण करू शकतो. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे दिसतीलच असे नाही, म्हणून यकृताचे एन्झाइम वाढलेले राहिले तर विषाणूच्या आरएनएची (म्हणजे त्याच्या जनुकीय घटकाची) चाचणी मागावी.

सर्वांत जास्त जपावे लागते ते गरोदर स्त्रीला. प्रकार 1 व 2 च्या साथींत शेवटच्या तिमाहीत लागण झालेल्या स्त्रियांपैकी 20 ते 25 टक्क्यांपर्यंत मृत्यू नोंदले गेले आहेत. यकृत अचानक निकामी होते, रक्तस्राव होतो आणि गर्भही दगावू शकतो. चीनमध्ये 2011 मध्ये मंजूर झालेली लस अजून बहुतेक देशांत सहज मिळत नाही. दीर्घकालीन संसर्गावर वापरले जाणारे रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध गर्भाला घातक असल्याने गरोदरपणात देत नाहीत. त्यामुळे पाण्याबद्दल शंका आली की घरात इतर कोणासाठी नसले तरी तिच्यासाठी पाणी उकळलेच पाहिजे. तिचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) तपासण्यास सांगावे. झोप उलटी होणे (दिवसा झोप, रात्री जाग), बोलण्यात गोंधळ, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त येणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर प्रसूतिकक्ष, अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी एकाच ठिकाणी असलेल्या रुग्णालयातच तिला तातडीने हलवावे.