पहिली-दुसरीच्या वर्गात या चुका टाळा

आमच्या वर्गाच्या फळ्याला वरून खालपर्यंत एक तडा गेलाय. गेल्या पावसाळ्यात मी फळ्यावर 'वन' लिहिलं आणि मुलांना उतरवून घ्यायला सांगितलं. एका मुलीच्या वहीत 'वान' आलं. मी लाल पेनने काना खोडला. तिने पुन्हा 'वान' लिहिलं. तिसऱ्या वेळी मी तिच्याशेजारी मांडी घालून बसले आणि तिथून फळ्याकडे पाहिलं. 'व' आणि 'न'च्या मधून तो तडा अगदी कान्यासारखा उतरत होता. पोरीने दिसलं तसं इमानेइतबारे काढलं होतं. तिला तो शब्द वाचताच येत नव्हता आणि मी तिच्याकडून तो लिहून घेत होते.

शाळा द्विशिक्षकी, त्यामुळे पहिली आणि दुसरी माझ्या एकाच खोलीत बसतात. पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या जवळजवळ सगळ्या मी स्वतः केल्यात. नवे शिक्षणसेवक करतात, घरी अभ्यास घेणारे आईबापही करतात. मूल जिथे अडलेलं दिसतं तिथे ते क्वचितच अडलेलं असतं. एक-दोन पायऱ्या आधीच कुठेतरी पाय घसरलेला असतो, आणि आपण मात्र चुकलेल्या जागेवर लाल गोल करून मोकळे होतो.

सुंदर वही आणि मोठा आवाज

पालक वही बघून खूश होतात, साहेब तपासणीला आले की तेही. पण सहा वर्षांचं मूल फळ्यावरचा मजकूर चित्रासारखा उतरवू शकतं. एकदा वर बघायचं, एक रेघ काढायची, परत वर बघायचं. अशा वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवून 'हे काय लिहिलंस?' विचारा. उत्तर आलं नाही तर त्या वहीतली बाकीची पानं तपासण्यात वेळ घालवू नका. आधी वाचू दे, मग लिहू दे. आणि लिहिताना फळा पुसून टाका. शब्द वाचला, पुसला, आता पाटीवर लिही. एवढ्याने निम्मं दूध-पाणी वेगळं होतं.

बाराखडीचंही असंच. 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' असा वर्ग घुमायला लागला की बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, काय शिकवतात! त्या आवाजात आठ-दहा मुलं फक्त ओठ हलवत असतात. 'कळलं का?' या प्रश्नाला येणारा तो लांबलचक 'होऽऽ' तर कुठल्याच हिशेबात धरू नका. पाटीवर एकटा 'मु' लिहून मुलापुढे धरा. बरीच मुलं बोटावर 'म मा मि मी' मोजत मोजत 'मु'पर्यंत येतात. म्हणजे त्यांना गाणं येतंय, अक्षर नाही.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. बाराही चिन्हं एका दमात घेऊ नका. ग, म, भ, न ही वळणाने जवळची अक्षरं आधी घ्या, त्यांना फक्त काना जोडा, आणि लगेच मान, भान, नाना, मामा, गाभा असे शब्द वाचायला द्या. चार अक्षरं आणि एक काना एवढ्या भांडवलावर मूल पहिल्या महिन्यात खरंखुरं वाचतं, त्याचा त्याला जो आनंद होतो तो पुढे वर्षभर पुरतो. अ ते ज्ञ सगळा तक्ता संपवून मग शब्दांकडे वळायचं म्हटलं तर दिवाळी येते आणि पोरं कंटाळतात.

पहिल्या वेलांटीकडे मात्र वेगळं लक्ष द्यावं लागतं. ती डोळ्याला आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. 'कविता' हा शब्द घ्या. वेलांटीचा दांडा क आणि व यांच्या मधे उभा आहे. मुलाला वाटतं ती क ची, म्हणून ते 'कीवता' वाचतं. यात त्याचं काय चुकलं? काना तर मागच्याच अक्षराचा असतो ना! मी आता दुसरी वेलांटी आधी शिकवते. ती जम बसेपर्यंत पहिलीचं नाव काढत नाही. नंतर रंगीत खडूने वेलांटीची वरची कमान गिरवून दाखवते. टोपी ज्याच्या डोक्यावर, वेलांटी त्याची. दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते.

घरी लावायला तक्ता विकत आणणाऱ्यांसाठी जाता जाता एक. बाजारात मिळणारे कितीतरी तक्ते हिंदीचे असतात. त्यात 'ळ' नसतो. पैसे देण्याआधी ळ शोधा.

एकोणतीसचं त्रांगडं

गणितात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो संख्यांच्या नावांवर. आपल्याला सवयीने कळत नाही, पण मराठी संख्यानामं लहान मुलाला फार छळतात. आपण त्रेचाळीस म्हणताना आधी तीन उच्चारतो, मग चाळीस. लिहिताना उलटं, आधी ४, मग ३. कानाने ऐकलं तसं लिहिणारं मूल ३४ लिहितं. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात वीस नि नऊ. त्यामुळे कोणी ३९ लिहितं, कोणी ३१. एकट्या दोनची रूपं बघा: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. आणि एकोणची गंमत कळली असं वाटेपर्यंत शेवटी नव्व्याण्णव येऊन सगळा नियम मोडून टाकतो.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विनोद झाले, विधिमंडळात चर्चा झाली. पहिलीच्या वर्गात रोज उभं राहणाऱ्या माणसाला मात्र त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं. एकोणतीस हा शब्द सोडा असं मी म्हणणार नाही, तो बाजारात, घरात, सगळीकडे लागतोच. पण काही महिने दोन्ही नावं सोबत चालू द्या. 'एकोणतीस, दोन दशक नऊ.' हातात तुरकाट्यांच्या बारीक काड्या असू द्या. दहा काड्यांचा रबर लावून गठ्ठा, उरलेल्या सुट्या. दोन गठ्ठे उजेडात समोर पडलेले असले की ३९ लिहिणारा हात आपोआप थबकतो.

आता एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा दिसली. मूल ४३ बरोबर लिहितं म्हणून आपण पुढे जातो. पण लिहिताना त्याच्या हाताकडे बघा. काही मुलं आधी उजवीकडे ३ काढतात आणि मग डावीकडे सोडलेल्या जागेत ४ बसवतात. उत्तर बरोबर, टिकमार्क मिळतो. दुसरीत 'एकशे त्रेचाळीस' आलं की हीच मुलं १ लिहितात, पाठोपाठ ३, आणि मग ४ कुठे घालायचा याची पंचाईत. वहीत येतं १३४. दुसरीतली ती चूक पहिलीतल्या बरोबर उत्तराखाली लपलेली होती. म्हणून पाटी भरल्यावर तपासू नका, भरत असताना बघा.

हातच्याच्या बेरजेत २७ अधिक १५ बरोबर ३१२ हे उत्तर दर वर्षी कोणी ना कोणी आणतंच. सात नि पाच बारा, लिहिले बारा. दोन नि एक तीन, लिहिले तीन. त्याच्या लेखी हिशोब चोख आहे. 'हातचा घ्यायला विसरलास' असं सांगून काही होत नाही, कारण हातचा म्हणजे काय हेच कळलेलं नसतं. पुन्हा काड्या काढा. सुट्या बारा झाल्या की त्यातल्या दहांना रबर लावून गठ्ठ्यांच्या बाजूला सरकवायचं, तोच हातचा. एकदा स्वतःच्या हाताने सरकवला की मग तो डोक्यावर लिहायला पटतो. मागे एका पोराला मी विचारलं, 'सत्तावीस बोरं तुझ्याकडं, पंधरा हिच्याकडं, तीनशे बारा कुठून आली?' तर म्हणतो, 'मॅडम, बोरं नाहीत ती, गणित आहे.' या उत्तरावर मी आठवडाभर विचार करत होते.

'शुद्ध बोल'

आमच्याकडे मुलं 'मॅडम, पानी प्याले जाऊ?' असं विचारतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकाला म्हणाले, 'पाणी प्यायला जाऊ का, असं म्हण.' तो गप्प बसला. पुढचे दोन दिवस त्याने पाणीच मागितलं नाही, मधल्या सुट्टीपर्यंत तसाच बसला. घरी जे बोलणं आई-आजीकडून मिळालं ते वर्गाच्या दारात काढून ठेवायला सांगितलं की मूल बोलायचंच बंद होतं. मग आपण शेरा मारतो, 'अबोल आहे.'

लिहिण्यातही हे दिसतं. वऱ्हाडी बोलीत ळ च्या जागी य येतो. मुलगी 'शाया' लिहिते तेव्हा ती निष्काळजी नसते, कानाने ऐकलेलं अक्षर न् अक्षर तिने बरोबर उतरवलेलं असतं. तिला चूक म्हणण्याआधी शाबासकी द्यायला हवी, कारण ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड तिला जमली आहे. आम्ही भिंतीवर एक तक्ता केलाय, अर्धा घरच्या शब्दांचा, अर्धा पुस्तकातल्या. शाया, शाळा. डोया, डोळा. मले, मला. मुलं स्वतःच नवीन जोड्या शोधून आणतात. एकदा आजीने सांगितलेला शब्द मलाच ठाऊक नव्हता, तेव्हा वर्ग जो खिदळला!

बारीकसारीक, पण रोजच्या

एका दमात चार सूचना देऊ नका. 'वही काढा, बारावं पान उघडा, वर तारीख घाला आणि समास आखा' यातलं मुलाला 'वही काढा' तेवढं ऐकू येतं. एक सांगा, होऊ द्या, मग दुसरं.

परिपाठ पहिलीच्या पोरांना झेपेल एवढाच असावा. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, वर कुणाचं तरी भाषण. उन्हात उभं राहून पोर चक्कर येऊन पडतं आणि दिवसाचा सगळ्यात ताजा वेळ हातचा जातो. लहानांना सावलीत बसवा.

डावखुऱ्या मुलाच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देऊ नका. त्याला ओळीत डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही, आणि वही थोडी उजवीकडे कलती ठेवू द्या.

अक्षर किंवा अंक आरशातल्यासारखे उलटे निघाले तर सहा-सात वर्षांपर्यंत घाबरायचं कारण नाही. पेन्सिल मुठीत धरणाऱ्याला गिरवायला आणखी पानं देऊन उपयोग नसतो. त्याच्या बोटांत जोर यायला हवा. माती मळू दे, तुरीच्या शेंगा सोलू दे, मणी ओवू दे.

पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या मुलाला मारून ती सवय जात नाही. रक्त कमी असल्याचं ते लक्षण असू शकतं. आरोग्य केंद्रात दाखवा.

घरचा अभ्यास किती द्यावा, असं पालक फार विचारतात. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच असं म्हटलंय. ते सांगितलं की पालकांचा चेहरा पडतो. मग मी म्हणते, रात्री त्याच्याकडून एक गोष्ट ऐका आणि बाजारात सुटे पैसे त्याला मोजू द्या.

वाचनाच्या वेगाचं भूत मात्र शिक्षकांच्याच मानगुटीवर बसलंय. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताचा पाया पक्का करण्याच्या अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असं उद्दिष्ट आहे. घड्याळ लावून तोच उतारा पंधरा वेळा वाचून घेतला की तो पाठ होतो, आकडा भरतो. दुसऱ्या दिवशी त्याच उताऱ्यातले शब्द सुटे करून, उलटसुलट क्रमाने वाचायला द्या. खरा आकडा तेव्हा कळेल.

सगळं करूनही एकच मूल मागे राहत असेल तर

वर्ग पुढे गेला, एकच मूल तिथेच आहे, अशा वेळी पुन्हा शिकवायला बसण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासा. वहीतलं बरोबर वाचतं पण फळ्यावरचं चुकतं, डोळे बारीक करतं, सारखं उठून पुढे येतं, तर नजरेचा प्रश्न असू शकतो. 'पुस्तक काढा' म्हटल्यावर आधी शेजाऱ्याकडे बघतं आणि मग हालचाल करतं, पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, तर कानाचा. पावसाळ्यात कान वाहणारी पोरं आमच्याकडे दर वर्षी दोन-तीन असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, पण ते येईपर्यंत थांबू नका. आपण नोंद करून ठेवली असेल तर पथकातले डॉक्टर त्या मुलाला नीट वेळ देतात, नाहीतर सत्तर मुलांच्या रांगेत ते पटकन पुढे सरकतं.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी 'लक्ष नसतं' असा शेरा दिला होता. चष्मा लागल्यावर पहिल्या दिवशी तो फळ्याकडे बघत म्हणाला, 'मॅडम, फळा फुटलाय.' वर्षभर त्याला तो तडाही दिसला नव्हता.