छातीत कळ आली की 'गॅस' म्हणण्याआधी

आमच्या मामांना पहाटे ३ वाजता छातीत जड वाटायला लागलं. आदल्या रात्री शेतात भरीत पार्टी झाली होती, त्यामुळे निदान घरात तयारच होतं. "काही नही रे भो, गॅस शे." मग ओवा, मग काळं मीठ घातलेला सोडा, मग उजाडायची वाट. ९ वाजता ईसीजी निघाला तोवर हृदयाच्या झटक्याला ६ तास होऊन गेले होते. मामा वाचले. पण हृदयाचा जो भाग मेला तो मेला. आता केळीच्या बागेत बांधापर्यंत जातात आणि खाली बसतात.

त्या ६ तासांसाठी हा लेख. पथ्यपाण्याचं नंतर बघू.

आज रात्री एक कागद लिहा

वहीचं पान घ्या. वर १०८ लिहा. खाली दोन नावं: रात्री ईसीजी काढून देणारा सर्वांत जवळचा दवाखाना, आणि २४ तास अँजिओप्लास्टी (बारीक नळीने फुगा नेऊन हृदयाची बंद धमनी उघडणं) करणारं रुग्णालय. दुसरं नाव ऐकीव नको, फोन करून विचारा. "हार्टची सोय आहे का?" याला सगळेच हो म्हणतात. "रात्री २ वाजता कॅथलॅब चालू करता का?" असं विचारा, मग खरं काय ते कळतं. कॅथलॅब म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली. कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हृदयाचे बरेच उपचार बसतात, पण रुग्णालय योजनेतलं हवं. तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

गॅस की झटका?

घरी बसून नक्की ओळखता येत नाही, डॉक्टरलाही येत नाही. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं किंवा आवळल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं, दरदरून घाम, ही ओळखीची लक्षणं. कधी दुखतं ते फक्त पोटाच्या वरच्या भागात, आणि फसगत होते ती तिथंच. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधी नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. ढेकर आल्यावर बरं वाटलं, हा गॅसचा पुरावा नव्हे.

बसून ५ मिनिटांत कमी झालं नाही, की १०८. माणसाला चालवू नका, जिना चढवू नका, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून नेऊ नका. गाडी येईपर्यंत फोनवरच्या डॉक्टरला अ‍ॅस्पिरिनचं विचारा. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर साधारण ३०० मिलिग्रॅम चावून खायला सांगतात, अख्खी गिळायला नाही. चावल्याने औषध लवकर लागू पडतं. मोबाइलवर फिरणारा 'जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा' हा सल्ला मात्र डॉक्टरने सांगितल्याशिवाय पाळू नका. त्या गोळीने बीपी एकदम खाली येऊ शकतं.

माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध एकावर एक ठेवलेल्या दोन्ही तळव्यांनी ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबत राहा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. फासळी मोडेल म्हणून थांबू नका.

दवाखान्यात काय विचारायचं

पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी निघू नका. थोड्या वेळाने तो पुन्हा काढावा लागतो, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की ते वाढतं) तपासावं लागतं. मोठ्या झटक्यात रक्ताच्या गाठीने धमनी बंद झालेली असते. ती उघडायला उत्तम उपाय अँजिओप्लास्टी. पण नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव-अक्कलकुव्याकडून निघालेला माणूस २ तासांत तिथं पोचणार नसेल, तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या ठिकाणीच घेऊन पुढे जायचं असतं. ते पहिल्या १२ तासांतच देतात, आणि जितकं लवकर तितकं ते काम करतं. म्हणून प्रश्न एकच: "इंजेक्शन इथंच देणार, की पुढे पाठवणार, आणि किती वेळात?"

बायपासचं ऑपरेशन बहुधा एकापेक्षा जास्त धमन्या खराब असतील किंवा मुख्य डावी धमनी अरुंद झाली असेल तेव्हा. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवल्यावर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या बहुतेकांना वर्षभर चालतात. "आता बरं वाटतंय" म्हणून त्या सोडल्या तर स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते.

आणि रोजचं

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, ५ मिनिटं टेकून बसा, हात हृदयाच्या पातळीवर, दोनदा मोजा. दवाखान्यात पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर येत असेल तर उपचार लागतो. घरच्या यंत्रावर १३५/८५ लाच सावध व्हा. कमरेला सुतळी गुंडाळून टेपवर धरा: पुरुष ९० सेंटीमीटर, बाई ८०, याच्या पुढे धोका वाढतो. चाळिशी झाली की शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासा. घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल तर त्याआधीच.

आपल्या जेवणात दोष ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीचा नाही. दोष शेवभाजीवर तरंगणाऱ्या तर्रीचा आणि तळलेल्या बट्टीचा. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, हा ढोबळ हिशेब. घरात चार माणसं असतील तर दोन लिटर. तुमच्याकडे महिन्याला किती लिटर रिकामे होतात, ते मोजा. मीठ दिवसाला माणशी चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, शेव, ठेचा सगळं आलं.

तंबाखूवर मी फार बोलत नाही, ऐकणारे कमी. पण मशेरी लावणाऱ्या आजीला कुणी 'व्यसनी' म्हणत नाही आणि डॉक्टरलाही कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो: तीही तंबाखूच आहे.

शेवटी मे महिना. जळगाव ४५ अंशांवर गेलं की लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेणाऱ्यांना उठल्यावर अंधारी येऊ शकते. गोळी स्वतःच बंद करू नका. दोन-तीन दिवसांचं बीपी कागदावर लिहा आणि डॉक्टरला दाखवा; डोस उन्हाळ्यापुरता कमी करायचा का, ते ते ठरवतील.