यशवंत तलावाकाठी शरदातील छायाचित्रण

शरद ऋतू म्हटले की परदेशी चित्रांतली लाल-पिवळी पानगळ डोळ्यांपुढे येते, पण ती कल्पना मनात ठेवून नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जाऊ नये. आपल्याकडची पानगळ शिशिरातली. अश्विन-कार्तिकात सातपुड्यावर दिसते ते पावसाने धुऊन काढलेले आकाश, भरलेला तिथला यशवंत तलाव, अजून हिरवी असलेली झाडी आणि तिच्या पायथ्याशी पिवळे पडू लागलेले गवत. हा हिरव्या-पिवळ्याचा संधिकाल थोडेच दिवस टिकतो आणि माझ्या मते खानदेशात चित्रणासाठी याहून चांगला काळ नाही.

मुक्काम आदल्या रात्री वरच करावा, कारण शहाद्याहून पहाटे घाट चढून येईपर्यंत उत्तम प्रकाश निघून जातो. ऑक्टोबरअखेरीस सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. त्याच्या अर्धा तास आधी काठावर पोहोचावे. हजार मीटरहून अधिक उंचीमुळे पहाटे गारवा असतो, तेव्हा अंगावर काही उबदार हवेच. सोबत एक रुंद कोनाची लेन्स, तिपाई आणि पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचे, चकाकी कापणारे फिल्टर) एवढे पुरे. ओझे वाढले की पाय उचलत नाहीत आणि नजरही थकते.

पहाटे वारा पडलेला असतो, म्हणून प्रतिबिंबाची चित्रे सर्वांत आधी घ्यावीत. पूर्वेच्या काठावर उभे राहिल्यास सूर्य पाठीशी येतो आणि समोरचा पश्चिमेकडचा काठ उजळून पाण्यात उतरतो. तिपाई शक्य तितकी खाली, पाण्यालगत लावावी, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ-८ ते एफ-११ ठेवावे. प्रतिबिंब मूळ देखाव्यापेक्षा नेहमी गडद येते, त्यामुळे आकाश पांढरे पडणार नाही अशा बेताने प्रकाशमापन करावे. पाण्यातला अंधार नंतर थोडा उजळता येतो, पण आकाशातला गेलेला तपशील परत मिळत नाही. पोलरायझर या वेळी काढून ठेवावा. एकदा तो तसाच राहिला आणि डोंगराचे प्रतिबिंब निम्मे पुसले गेले, हे मला घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर दिसले; ती सकाळ अजून मनाला लागून आहे. ऊन चढल्यावर मात्र सूर्याशी काटकोनात राहून तो फिरवल्यास आकाश गडद होते आणि पानांवरची चकाकी जाऊन खरा हिरवा रंग येतो.

पुढची फेरी काठाकाठाने, अगदी सावकाश करावी. पाच-पन्नास पावलांवर थांबून खाली बघावे: दवाने जड झालेल्या गवताच्या पात्यावर एखादा चतुर पंख पसरून निश्चल बसलेला असतो, आणि ऊन लागेपर्यंत तो हलत नाही. तेवढ्या वेळात उन्हाकडे तोंड करून, त्याच्या पंखांतून प्रकाश आरपार येईल असा कोन शोधावा. काठावर भेटणाऱ्या भिल्ल-पावरा बांधवांचे चित्र त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आधी दोन शब्द बोलावेत, नको म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवावा.

दुपार सोडून द्यावी. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर जांभळट उजेड रेंगाळतो, तेव्हा तिपाई आवरण्याची घाई करू नये. परतल्यावर थंड झालेला कॅमेरा उबदार खोलीत लगेच उघडल्यास काचेवर बाष्प धरते. तो पिशवीतच राहू द्यावा आणि तोवर मोज्यांत रुतलेली कुसळे काढावीत.