पांढरा म्हणजे रिकामा नव्हे: चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक कशी ठेवावी

पडद्यावरचा पांढरा कॅनव्हास कोरा वाटतो, पण बहुतेक वेळा तो रंगवलेलाच असतो. राखाडी-पांढरे चौकडे दिसतात तेवढीच जागा खरी रिकामी. हे चौकडे चित्रासोबत सेव्ह होत नाहीत.

१. लेयरच्या, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांच्या, यादीत तळाशी पाहा. क्लिप स्टुडिओ या चित्रकलेच्या ॲपमध्ये तिथे 'पेपर' असतो, प्रोक्रिएटमध्ये 'बॅकग्राउंड कलर'; तो लपवला की झाले. फोटोशॉपचा 'बॅकग्राउंड' कुलूपबंद असतो. त्यावर खोडरबर चालवला तर भोक पडत नाही, उलट पॅलेटमधला बॅकग्राउंडचा रंग फासला जातो. डबल-क्लिक करून ओके दाबा, त्याचा साधा लेयर होतो. गिंपमध्ये जेपेग उघडल्यावर हाच घोळ होतो, कारण त्या लेयरला अल्फा चॅनलच, म्हणजे पारदर्शकतेची नोंद ठेवणारा भागच, नसतो. तो लेयर → ट्रान्स्परन्सी → ॲड अल्फा चॅनल इथून जोडा.

२. रेषा नव्या, रिकाम्या लेयरवर काढा. पांढऱ्यावर आधीच काढल्या असतील तर मॅजिक वाँडच्या (एकसारख्या रंगाची जागा निवडणाऱ्या साधनाच्या) नादी लागू नका. रेषेची कड मऊ दिसावी म्हणून तिथे राखाडी पिक्सेल असतात. पांढरा पुसला तरी ते उरतात आणि गडद रंगावर पांढुरकी किनार दिसते. टॉलरन्स, म्हणजे वाँडने रंगातला किती फरक चालवून घ्यायचा ते, वाढवला तर रेषाच कुरतडली जाते. त्याऐवजी गिंप किंवा क्रितातले 'कलर टू अल्फा' वापरून पांढरा रंग काढा. मग राखाडी पिक्सेल अर्धपारदर्शक काळे होतात. हे फक्त काळ्या रेषांवर करा. रंगीत चित्रात डोळ्यांचा पांढरा भागही गायब होईल आणि फिके रंग विरळ पडतील.

लेयरचा मोड 'मल्टिप्लाय' (खालच्या रंगात मिसळून गडद करणारा) केला तर पांढरा दिसेनासा होतो, जात नाही. खालचे लेयर बंद करा, तो पुन्हा हजर.

३. सावलीसाठी ५० टक्के अपारदर्शकतेचे दोन फटकारे एकमेकांवर आले तर १०० नव्हे, ७५ टक्के होतात, तिसऱ्याने ८७.५. म्हणून जोडावर डाग दिसतात. एकसारखी छटा हवी असेल तर वेगळ्या लेयरवर १०० टक्क्यांनी रंगवा आणि अख्ख्या लेयरची अपारदर्शकता ५० करा.

४. एक्सपोर्टआधी तळाशी भडक लाल लेयर घाला. चौकड्यांवर न दिसलेले फिके ठिपके लगेच उघडे पडतात. ते पुसून लाल लेयर लपवा.

५. पीएनजी निवडा, ८ बिटमध्ये पारदर्शकतेच्या २५६ पातळ्या टिकतात. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही, त्यामुळे कडा करवतीसारख्या होतात. जेपेगमध्ये पारदर्शकताच नसते, रिकामी जागा एखाद्या रंगाने, बहुधा पांढऱ्याने, भरली जाते.